किरकिऱ्या पोराची कादंबरी कशी वाचायची

शेजारच्या वहिनी पुस्तक परत द्यायला आल्या त्या दारातच थांबल्या. आत या म्हटलं तर म्हणाल्या, "नको सर, कुकर लावलाय." आणि मग उंबऱ्याबाहेर उभ्या राहून वीस मिनिटं बोलल्या. पुस्तक मी त्यांच्या मुलाला दिलं होतं. पोरगा अकरावीत. त्यानं खोलीचं दार लावून घेऊन दोन दिवसांत ते संपवलं, तेव्हा आईला वाटलं, बघू तरी ह्यात आहे काय. वहिनी बँकेत आहेत, इंग्रजी वाचायची सवय आहे. त्यांनीही वाचलं आणि निकाल दिला: "ह्या पोराला वेळेवर दोन मुस्काटात बसल्या असत्या ना सर, तर ही दोनशे पानांची किरकिर लिहायची वेळच आली नसती."

पुस्तक म्हणजे जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’. 1951 साली अमेरिकेत निघालेली कादंबरी. साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली आणि वहिनी म्हणाल्या तेच मी स्टाफरूममध्ये, पालकसभेत, एकदा तर लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. होल्डन कॉलफील्ड हा सोळा वर्षांचा मुलगा खरोखरच किरकिरा आहे. त्याला मास्तर आवडत नाहीत, खोलीतला जोडीदार आवडत नाही, सिनेमा आवडत नाही, पियानोवाल्याला टाळ्या वाजवणारे लोक आवडत नाहीत. निम्मं जग त्याच्या मते नाटकी आहे. पण एवढी बडबड करणारा हा मुलगा एका गोष्टीपाशी आला की घाईघाईनं विषय बदलतो. किती ठिकाणी बदलतो ते बघत गेलं, की पुस्तक हळूहळू हाताला लागायला लागतं.

गोष्ट तशी चार ओळींची. होल्डन एका बोर्डिंग शाळेत आहे. पाचातल्या चार विषयांत नापास, फक्त इंग्रजीत पास. नाताळच्या सुट्टीनंतर परत येऊ नकोस, असं शाळेनं सांगितलंय. सुट्टी लागायला तीन-चार दिवस असताना, शनिवारी रात्री खोलीतल्या मुलाशी मारामारी होते आणि तो बॅगा उचलून न्यूयॉर्कची गाडी पकडतो. घर न्यूयॉर्कलाच, पण घरी जायचं नाही, कारण शाळेचं पत्र अजून पोचलेलं नाही. मग हॉटेलात उतरतो, शहरात भटकतो, ओळखीच्यांना फोन करतो, अनोळखी लोकांशी बोलायला जातो, चोरून घरी शिरून दहा वर्षांच्या बहिणीला, फीबीला भेटतो. सोमवारी सगळं संपतं. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका उपचाराच्या ठिकाणी बसून तो आपल्याला हे सांगतोय. बास.

आता दोन जड शब्द हलके करून घेऊ. नाहीतर ह्या कादंबरीबद्दल कुणीही बोलायला लागला की तेच दोन दगडासारखे अंगावर येतात.

पहिला शब्द ‘परात्मता’. मराठी समीक्षेत तो बराच चालतो. तत्त्वज्ञानाच्या वाटेनं आला. कार्ल मार्क्सनं 1844 च्या सुमाराच्या टिपणांमध्ये कामगारांबद्दल हा विचार मांडला होता. आपल्याकडचं उदाहरण घ्या. वर्षभर बंगल्याची एकेक वीट बसवलेला गवंडी वास्तुशांतीच्या दिवशी फाटकाबाहेर उभा असतो आणि नवा वॉचमन त्याला विचारतो, "कोण पाहिजे?" आपल्याच हातानं केलेलं आपल्याला परकं होणं, ते हे. पुढे शब्दाचा अर्थ पसरला. घर आपलं आहे पण आपलं वाटत नाही, वर्गात चाळीस जण आहेत पण काचेपलीकडे आहेत असं वाटतं, आरशातला चेहराही कुणा तिसऱ्याचा वाटतो, हे सगळं त्याच्यात आलं. आपल्याकडे अशा मुलासाठी शब्द आहेतच: घुम्या, एकलकोंडा, तुसडा. पण ह्या तिन्ही शब्दांत दोष आधीच पोराच्या गळ्यात घातलेला आहे. परात्मता म्हटलं की दोष कुणाचा हे अजून ठरायचं असतं. एवढ्यासाठीच तो जड शब्द मी ठेवतो.

दुसरं म्हणजे ‘निरागसता हरवणे’. हे ऐकलं की पालकांच्या डोळ्यांपुढे सिगारेट, बाटली आणि मुलगी येते. होल्डनच्या बाबतीत तिन्ही आहेत. तो सतत ओढतो, वय लपवून दारू मागतो, हॉटेलातल्या लिफ्टवाल्याच्या नादानं पैसे देऊन एका मुलीला खोलीवर बोलावतो. आणि ती आल्यावर? तिनं काढलेला हिरवा ड्रेस नीट हँगरला लावतो, म्हणतो आपण नुसतं बोलूया का, आणि त्याला उदास वाटायला लागतं. बिघडलेल्या पोराचं वर्णन असं कुणी करत नाही. तेव्हा ह्याचं हरवलंय ते वेगळंच काहीतरी. ते कधी हरवलं हेही कादंबरीत सांगितलंय, तारखेसकट: 18 जुलै 1946.

ती तारीख एका निबंधातून बाहेर येते. खोलीतला जोडीदार स्ट्रॅडलेटर होल्डनला म्हणतो, मला बाहेर जायचंय, माझा इंग्रजीचा निबंध लिहून दे. एखाद्या खोलीचं, घराचं, कशाचंही वर्णन कर. होल्डन लिहायला बसतो आणि लिहितो आपल्या धाकट्या भावाच्या बेसबॉलच्या ग्लोव्हवर. आपल्या मुलांना क्रिकेट माहीत आहे, म्हणून सांगतो: बाउंड्रीवर उभ्या केलेल्या पोराकडे अर्धा वेळ चेंडू येतच नाही, तो गवत उपटत बसतो. होल्डनचा भाऊ अ‍ॅली तसा लांब उभा असायचा. वेळ जायला काहीतरी हवं म्हणून त्यानं आपल्या ग्लोव्हच्या बोटांवर, तळव्यावर, जिथं जागा मिळेल तिथं हिरव्या शाईनं कविता लिहून ठेवल्या होत्या. डावखुरा होता, ग्लोव्हही डावखुऱ्याचा. अकरा वर्षांचा असताना रक्ताच्या कर्करोगानं गेला. होल्डन तेव्हा तेरा वर्षांचा. त्या रात्री तो गॅरेजमध्ये झोपला आणि मुठीनं गॅरेजच्या सगळ्या खिडक्या फोडल्या. घरच्या मोटारीच्याही काचा फोडायला गेला, पण तोवर हात मोडला होता. अजूनही पाऊस आला की हात दुखतो, मूठ नीट वळत नाही. हे सगळं तो अशा सुरात सांगतो की जणू एसटी चुकल्याची हकिकत चाललीये. स्ट्रॅडलेटर परत येतो, म्हणतो, खोलीवर लिही म्हटलं होतं, हे काय भलतंच. होल्डन निबंध फाडून टाकतो. त्याच रात्री मारामारी, त्याच रात्री शाळा सोडणं.

वर्गात शिकवताना मी इथं नेहमी थांबायचो आणि मुलांना विचारायचो, हा शाळा सोडून का गेला? मागच्या बाकावरून उत्तर यायचं, "नापास झाला म्हणून, सर." पुढच्या बाकावरून यायचं, "मारामारीत मार खाल्ला म्हणून." एका वर्षी एक मुलगी म्हणाली, "निबंध फाडला म्हणून." तिला तेव्हा मी शाबासकी दिली की नाही ते आठवत नाही, द्यायला हवी होती.

आणखी एक. भावाच्या अंत्यविधीला होल्डन नव्हता. हात मोडल्यामुळे तो दवाखान्यात होता. ही गोष्ट तो पुस्तकात खूप पुढे, एका रात्री बागेत थंडीनं कुडकुडत असताना, जाता जाता सांगून टाकतो. त्याच ओघात त्या स्मशानाचंही सांगतो: घरचे लोक भेटायला गेले असताना दोनदा पाऊस आला. आलेली सगळी माणसं धावत जाऊन आपापल्या मोटारीत बसली, रेडिओ लावले, कुठंतरी छान जेवायला गेली. अ‍ॅली सोडून सगळे. हा पाऊस लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मी हे सांगत होतो तेव्हा वहिनी गप्प झाल्या. पलीकडे त्यांच्या घरातून कुकरची शिट्टी झाली तरी हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या मामंजींच्या वेळेला आम्ही तरी कुठं जाऊ शकलो." त्यांचे सासरे दुसऱ्या लाटेत गेले, 2021 मध्ये. घरी आणलंच नाही. मुलगा सातवीत होता. "पण तो नीट राहिला हो. एकदासुद्धा रडला नाही. उलट मलाच पाणी आणून देत होता." एवढं बोलून त्यांनी पदर सावरला आणि पुन्हा मूळ तक्रारीवर आल्या: हल्ली बोलतच नाही, जेवायला हाक मारली तर खेकसतो, आणि ऐन मे महिन्यात आजोबांचा तो करड्या रंगाचा स्वेटर घालून फिरतो, घामोळं आलंय तरी काढत नाही. मी त्यावर काही बोललो नाही. होल्डनचीही एक टोपी आहे, लाल रंगाची, शिकाऱ्यांची. भर हिवाळ्यातली म्हणून ती निदान ऋतूला धरून आहे एवढंच. अ‍ॅलीचे केस लाल होते.

आता बोलण्याची ढब बघा, कारण ह्या जातीच्या कादंबऱ्यांत अर्धी गोष्ट तिथंच असते. होल्डन वाक्याच्या शेवटी सारखं ‘अँड ऑल’ म्हणतो. म्हणजे आपलं ‘वगैरे’. इंग्रजीच्या जुन्या शिक्षकांना ह्याचा भयंकर राग यायचा, भाषा गबाळी म्हणून. पण ते ‘अँड ऑल’ कुठं येतं ते पाहावं. भावनेची एखादी गोष्ट तोंडातून निसटली, की लगेच मागे ते लावून दिलेलं असतं. दार किंचित उघडलं आणि पायानं लोटून दिलं, तसं.

मराठी वाचकाला हे नवीन वाटायचं कारण नाही. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ 1963 ची. लेखक तेव्हा पंचविशीत होता, निवेदक पांडुरंग सांगवीकरही पंचविशीतलाच. त्याचं ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ आमच्या पिढीच्या तोंडात इतकं बसलं होतं की कँटीनमध्ये चहासुद्धा ‘उदाहरणार्थ दोन’ असा मागवला जायचा. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला मुलगा, होस्टेल, मेसची भानगड, परीक्षांचा बोजवारा, बापाशी उभा दावा, शेवटी परत गाव. वरवर सगळी टिंगल. आणि त्या टिंगलीच्या मधोमध धाकट्या बहिणीचं मरण. तिथं भाषा एकदम बदलते. एरवी कशालाच किंमत न देणारा पांडुरंग तिथं आक्रोश करतो. मी तर म्हणेन, त्या पानांच्या आधीचं ‘वगैरे’ आणि नंतरचं ‘वगैरे’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘कोसला’ची आणि ‘कॅचर’ची तुलना अनेकांनी केलीय, कोणी कोणाचं घेतलं इथपर्यंत. त्या वादात मला रस नाही. दोन्ही पोरं मेलेल्या भावंडाच्या बाजूला बसून भलत्याच विषयावर बोलतायत, हे दिसलं की पुरे.

होल्डन खोटं बोलतो हेही ध्यानात ठेवायला हवं. तो स्वतःच सांगतो की माझ्यासारखा खोटारडा सापडणार नाही. गाडीत एका वर्गमित्राची आई भेटते, तर तिला शाळेच्या शिपायाचं नाव स्वतःचं म्हणून सांगतो आणि वर मेंदूत गाठ झालीये अशी थाप मारतो. तेव्हा ‘सगळे नाटकी’ हे त्याचं म्हणणं न्यायाधीशाचा निकाल म्हणून घ्यायचं नसतं. ताप किती आहे ते बघायला जसं थर्मामीटर लावतो, तसं ते वाक्य वाचायचं. ज्या पानावर तो जास्त लोकांना नाटकी म्हणतो, त्या पानावर तो जास्त घाबरलेला असतो.

घाबरलेला कशाला? रस्ता ओलांडायला. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. पुस्तकाच्या शेवटाकडे तो न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून चालत असतो. प्रत्येक चौकात फुटपाथवरून पाय खाली टाकला, की त्याला वाटतं आपण पलीकडे पोचणारच नाही, मधेच नाहीसे होऊ. मग तो मेलेल्या भावाला विनवत विनवत चालतो: अ‍ॅली, मला नाहीसा होऊ देऊ नकोस. पलीकडे पोचला की त्याचे आभार मानतो. पुन्हा पुढचा चौक, पुन्हा तेच. परात्मतेवर मी बरीच जाडजूड पुस्तकं वाचलीत. हे पान वाचून कळलं तेवढं त्यातल्या एकाही पुस्तकातून कळलं नाही.

बाकी खुणाही मग एका सुतात येतात. तळं गोठल्यावर बदकं कुठं जातात, हा प्रश्न तो टॅक्सीवाल्यांना विचारत सुटतो. ज्याचं घर पायाखालून गेलं त्याचं पुढे काय होतं, एवढाच तो प्रश्न आहे. लहानपणी बघितलेलं संग्रहालय त्याला आवडतं, कारण तिथले काचेतले पुतळे जागचे हलत नाहीत. दर वेळी बदललेले असतो ते आपण. फीबीच्या शाळेच्या भिंतीवरची शिवी तो हातानं पुसून काढतो, तर पुढच्या जिन्यात तीच शिवी चाकूनं कोरलेली. ती पुसली जात नाही.

ह्यावरून नावाकडे येतो, कारण नावाचा अर्थ मला साताऱ्यात राहूनही साताऱ्यात कळला नाही, पाचगणीला कळला.

फीबी भावाला विचारते, तुला काहीच आवडत नाही. एक गोष्ट सांग, आवडते अशी. होल्डनला आठवत नाही. आठवतात ती दोन-तीन माणसं. टोपल्या घेऊन वर्गणी गोळा करणाऱ्या दोन जोगिणी. मग जेम्स कॅसल नावाचा शाळेतला एक किडकिडीत मुलगा, जो दांडग्या पोरांपुढे आपला शब्द मागे घ्यायला तयार झाला नाही आणि खिडकीतून खाली पडून मेला. त्यानं उडी घेतली तेव्हा अंगात होल्डनचा स्वेटर होता, उसना घेतलेला. आणि अ‍ॅली. फीबी म्हणते, अ‍ॅली तर मेलाय. होल्डन चिडतो: मेला म्हणून काय माणूस आवडायचं बंद होतं का?

लगेच पुढे ती विचारते, तुला व्हायचंय तरी कोण? तेव्हा तो रॉबर्ट बर्न्सच्या एका गाण्याची चुकीची ऐकलेली ओळ धरून सांगतो. गाण्यात राय नावाच्या धान्याच्या शेतातून जाताना कुणी कुणाला ‘भेटलं’ तर, असं आहे. ह्यानं ऐकलंय कुणी कुणाला ‘धरलं’ तर. फीबी चूक दाखवते, पण त्याचं चित्र तोवर तयार आहे: मोठं शेत, हजारो मुलं खेळतायत, आसपास मोठं माणूस कोणी नाही, आणि शेत जिथं संपतं तिथं सरळ कडा. तो त्या कड्यावर उभा. खेळण्याच्या नादात जे पोर कड्याकडे धावत येईल त्याला धरायचं. दिवसभर तेच काम.

हे मी पंधरा वर्षं ‘सिम्बॉल’ म्हणून फळ्यावर लिहीत होतो. मग एकदा डिसेंबरात पाहुण्यांना घेऊन पाचगणीला टेबललँडवर गेलो. वर सगळं सपाट, घोडेवाले, भेळवाले, आणि कुठल्याशा जिल्हा परिषद शाळेची सहल आलेली. सव्वाशे पोरं सुटल्यासारखी धावत होती. सपाट जागा मिळाली की पोरं धावतात, कारण लागत नाही. आणि कडेला, जिथून जमीन एकदम तुटून खाली दरी दिसते तिथं, एक गुरुजी दरीकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून उभे होते. शिट्टी तोंडात, पण वाऱ्यामुळे ती ऐकू जात नव्हती. पोरं खेळत होती, हे कधी डावीकडे पळत, कधी उजवीकडे. पाऊण तासात त्यांनी एकदाही दरीचा देखावा बघितला नाही. मला होल्डन तिथं भेटला. आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की हे चित्र त्याला जेम्स कॅसलचं नाव काढल्यानंतर, म्हणजे वरून खाली पडलेल्या मुलाबद्दल बोलल्यानंतर सुचलंय. दोघं गेले. एकाला रोगानं नेलं, एक खाली पडला. दोन्ही वेळा धरायला हा नव्हता.

कॅसलचं प्रेत उचललं ते अँटोलिनी नावाच्या मास्तरानं, आपला कोट त्याच्यावर घालून. पुस्तकात खराखुरा ‘धरणारा’ तो एकच. होल्डन रात्री आसऱ्याला त्याच्याकडे जातो, आणि मध्यरात्री जाग येते तेव्हा मास्तर अंधारात त्याच्या डोक्यावरून हात फिरवत बसलेला असतो. होल्डन घाबरून पळतो. त्या हातामागे काय होतं ह्यावर पुस्तक निकाल देत नाही. होल्डनही नंतर स्वतःशी घोळत राहतो की आपलं चुकलं का. पालकांना हे प्रकरण फार खटकतं. खटकलंच पाहिजे. विश्वास टाकायची शेवटची जागाही ह्या मुलाला उरली नाही, हे त्या एका पानात कळतं.

आणि मग शेवट. फीबीला घेऊन तो बागेतल्या घोड्यांच्या पाळण्याकडे जातो. पुसेगावच्या यात्रेत असतो तसा, गोल फिरणारा, लाकडी घोड्यांचा. फिरता फिरता हात लांब करून सोन्याची कडी धरायची, असा तिथं खेळ आहे. सगळी मुलं घोड्यावरून झुकतायत, फीबीसुद्धा. पडेल की काय असं वाटतं. कड्यावर उभं राहून पोरं धरणारा हा मुलगा इथं बाकावर बसून राहतो. म्हणतो, कडी धरायला जातायत तर जाऊ द्यावं, पडली तर पडली, पण काही बोलू नये. एवढ्यात धो धो पाऊस येतो. सगळे आईबाप धावत पाळण्याच्या छपराखाली जातात. होल्डन जात नाही. भिजत बसतो. लाल टोपीनं थोडाफार आडोसा होतो, ती फीबीनंच त्याच्या डोक्यावर परत घातलेली. आणि त्याला इतका आनंद होतो की रडू यायच्या बेतात येतं.

मघाचा पाऊस आठवला? स्मशानात पाऊस आला तेव्हा सगळे पळाले, अ‍ॅली एकटा भिजला. ह्या वेळी होल्डन पळाला नाही. ह्या दोन पावसांचा संबंध सॅलिंजर कुठंही जोडून दाखवत नाहीत. तो वाचणाऱ्यानं जोडायचा.

लेखकाबद्दल थोडं, कारण ते ह्याला धरून आहे. सॅलिंजर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्यांत ते होते, आणि 1945 मध्ये मनाच्या थकव्यासाठी त्यांना दवाखान्यात राहावं लागलं. होल्डनची पानं त्यांनी युद्धातही जवळ बाळगली होती. पुस्तकात युद्ध जवळजवळ नाही. त्यांच्याही बोलण्यातून एक गोष्ट वगळलेली होती, असं मला वाटतं.

वहिनींचा एक मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. त्या म्हणाल्या, "सर, बापाचा पैसा होता म्हणून हॉटेलात राहून दुःख करता आलं. आमच्या भावकीतली पोरं जावळीतून येऊन एका खोलीत पाच-पाच जण राहतात, डब्यावर. त्यांनी कधी परात्म व्हायचं?" खरं आहे. साताऱ्यात बोर्डिंग म्हटलं की दोन चित्रं येतात. एक घाटावरच्या पाचगणीच्या इंग्रजी शाळांचं, होल्डनच्या शाळेशी मिळतंजुळतं. दुसरं कर्मवीर भाऊराव पाटलांचं. 1919 साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था निघाली, 1924 पासून साताऱ्यात बोर्डिंग चाललं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली, आणि पोरांना जेवायला घालायला कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या बोर्डिंगमधून शिकलेल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला मी विचारलं होतं, तुम्हाला एकटं वाटायचं का? ते म्हणाले, "वेळ कुठं होता? पहाटे उठून काम असायचं." थोडं थांबून म्हणाले, "रात्री वाटायचं. पण शेजारचाही जागाच असायचा." होल्डनच्या शेजारी त्या रात्री कोणी जागं नव्हतं, एवढा फरक मी धरतो. पैशानं त्याला हॉटेल दिलं, ते दुःख मात्र पैशाचं नव्हतं.

सगळ्याच वयात येण्याच्या कादंबऱ्या अशा नसतात. जर्मन भाषेत ह्या प्रकाराला ‘बिल्डुंग्सरोमान’ म्हणतात. गटेच्या 1795-96 मधल्या कादंबरीपासून त्याची गणती करायची रीत आहे, आणि त्यात मुलगा ठेचकाळत ठेचकाळत शेवटी समाजात आपली जागा घेतो. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ घ्या, 2004 ची. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद. त्याचं बरंच काही हरवतं, पण तो तुटलेला नाही. त्याला मित्रांचा अड्डा आहे, मामा आहे. म्हणजे निरागसता जाणं आणि परकं होणं ह्या दोन गोष्टी जोडीनंच येतात असं नाही. ज्याच्या शेजारी कोणी असतं त्याचं पहिलं होतं, दुसरं टळतं. निदान लांबतं.

ह्याचा सगळ्यात चांगला दाखला आपल्याच जिल्ह्यात लिहिला गेलाय. प्रकाश नारायण संत कराडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या लंपन नावाच्या मुलाच्या कथा लिहायचे. ‘वनवास’ 1994 मध्ये आलं, मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, आणि ‘झुंबर’. लंपन जगावर रुसलेला नाही, त्याला सगळ्याचं नवल आहे. आणि त्याच्यावरही शेवटी वडिलांच्या जाण्याचा घाव पडतो. चारी पुस्तकं ओळीनं वाचत गेलं तर तो घाव आपल्याला होल्डनच्या घावापेक्षा जास्त लागतो, कारण आधीचं सगळं हसणं आपण त्याच्याबरोबर हसलेलो असतो.

वहिनींना मी ‘वनवास’ दिलं. त्यांनी मागचं पान बघितलं, किंमत बघितली, मग विचारलं, "ह्यातला तरी पोरगा नीट बोलतो का?"

म्हटलं, "सीमेकडचा आहे. बोलतो. अधूनमधून कानडीत."

"चालेल," म्हणाल्या आणि निघाल्या. फाटकापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. "ते आधीचं राहू दे अजून दोन दिवस. त्यानं पेन्सिलनं खुणा केल्यात कुठंकुठं. मी तेव्हा घाईत वाचलं."